तीन थापा आणि एक कलम

२८ डिसेंबर १९९७. वॉशिंग्टनचं एमसीआय सेंटर खच्चून भरलेलं. रिंगमध्ये हल्क होगन स्टिंगच्या अंगावर आडवा पडलाय आणि निक पॅट्रिक नावाचा रेफ्री मॅटवर तीन थापा मारतो; तिसऱ्या थापेपर्यंत खालचा उठला नाही, तर तो हरला. या तीन थापा नेहमीपेक्षा भराभर पडायच्या होत्या. पडल्या त्या नेहमीच्याच लयीत. फरक सेकंद-दीड सेकंदाचा असेल, पण त्यात वर्षभराची कथा वाकडी झाली. डब्ल्यूसीडब्ल्यू या व्यावसायिक कुस्तीच्या अमेरिकी कंपनीचा हा सर्वाधिक विकला गेलेला पे-पर-व्ह्यू, म्हणजे वेगळे पैसे भरून टीव्हीवर बघायचा कार्यक्रम. त्या रात्री 'स्टारकेड'साठी पैसे मोजून बसलेल्यांना कळेनाच, की आपण नेमकं काय पाहिलं.

त्यांना वाट किती बघायला लावली होती, ते आधी सांगायला हवं. स्टिंग हा कंपनीचा घरचा नायक. १९९६च्या सप्टेंबरनंतर तो टीव्हीवर एकही सामना लढला नव्हता. चेहऱ्याला पांढरा-काळा रंग, अंगात लांब काळा कोट, हातात काळी बेसबॉल बॅट. छताच्या तुळयांमध्ये उभं राहून तो खाली बघत राहायचा, कधी दोरावरून थेट रिंगमध्ये उतरायचा आणि चार जणांना झोडपून निघून जायचा. बोलायचा नाही. दर सोमवारी 'नायट्रो' हा कंपनीचा टीव्ही कार्यक्रम बघणाऱ्याला एकच गोष्ट हवी होती: याने खलनायक होगनला चीत करावं. इतका साधा, इतका स्वच्छ सामना टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीत क्वचित जमून येतो.

ठरलेला शेवट असा होता. होगन लेग ड्रॉप मारून, म्हणजे उडी घेऊन पाय आपटून, पिन करणार, म्हणजे स्टिंगला मॅटवर दाबून धरणार. पॅट्रिक हा कथेत आधीपासूनच होगनच्या टोळीला विकला गेलेला रेफ्री, तो लबाडीने भरभर मोजणार. सात आठवड्यांपूर्वी, ९ नोव्हेंबरला, माँट्रियलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्याच ब्रेट हार्टला खरोखर फसवलं होतं. आता डब्ल्यूसीडब्ल्यूत आलेला हार्ट पुढे येऊन घंटा अडवणार, अशी फसवणूक पुन्हा होऊ देणार नाही म्हणणार, सामना पुन्हा सुरू होणार आणि स्टिंगच्या स्कॉर्पियन डेथलॉक या पकडीत होगन हार मानणार. कागदावर चोख. पण मोजणी साध्या वेगाने झाल्यावर पडद्यावर जे उरलं ते असं: वर्षभर छतावरून बघणारा नायक खाली उतरला, सरळ सरळ हरला, आणि त्याच्या बाजूच्या एकाने दमदाटी करून त्याला दुसरी संधी मिळवून दिली. समालोचक 'भरभर मोजलं' म्हणून ओरडत होते. रिप्ले काही वेगळंच दाखवत होता.

पॅट्रिकला कोणी काय सांगितलं, याच्या जितकी तोंडं तितक्या कथा आहेत. कंपनीचा प्रमुख एरिक बिशॉफ पुढे अनेकदा म्हणाला, की स्टिंग त्या दिवशी तयारीत दिसत नव्हता, अंगावर टॅनसुद्धा नव्हता. हे कारण ऐकून हसू येतं, पण या धंद्यात ते अगदीच फालतू नाही. नायक टीव्हीच्या दिव्यांखाली पिवळट, ओघळलेला दिसणं हा माल विकण्याचाच प्रश्न आहे. तरीही मला त्या रात्रीचा गुन्हेगार शोधण्यात फारसा रस वाटत नाही. रस आहे तो आधीच्या प्रश्नात. दुपारी ठरलेला शेवट संध्याकाळी ढवळण्याची ताकद कोणाकडे होती, आणि ती आली कुठून?

अशा कार्यक्रमात सामना शेवटाकडून सुरुवातीकडे बांधला जातो. बुकर, म्हणजे कथा ठरवणारा माणूस किंवा समिती, निकाल ठरवते. मग दिवसाचा फॉरमॅट कागदावर येतो: कितव्या मिनिटाला कोणता भाग, प्रवेशाला किती वेळ, सामन्याला किती, जाहिरात कधी. प्रत्येक सामन्यामागे एक एजंट असतो, बहुधा जुना पहिलवान. तो दोन्ही खेळाडूंना आणि रेफ्रीला एकत्र बसवून शेवटच्या तीन-चार हालचाली पक्क्या करतो. मधला भाग खेळाडू आपसांत ठरवतात, अनुभवी असतील तर रिंगमध्येच कुजबुजत. रेफ्री हा सगळ्यांमधला निरोप्या. किती वेळ उरला, आता गुंडाळा, हा इशारा त्याच्यामार्फत जातो. आता कानातल्या यंत्रावरून, पूर्वी रिंगशेजारच्या टाइमकीपरच्या खुणेवरून. बाहेर ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत, दिग्दर्शक बसलेला असतो आणि कोणत्या क्षणी कोणता कॅमेरा हे त्यालाही आधी माहीत असावं लागतं, नाहीतर नेमका ठोसा हुकलेला कोन घरोघर जातो.

साधा पिन असेल तर तीन माणसांचं एकमत पुरतं. स्टारकेडच्या शेवटाला किती लागत होतं ते मोजून बघा. होगन, स्टिंग, पॅट्रिक, हार्ट, घंटा वाजवणारा, समालोचक आणि ओबी व्हॅन. यातला एक जरी वेगळं समजून बसला तरी सगळं कोसळणार. अनुभवी बुकर म्हणूनच मोठ्या सामन्याचा शेवट साधा ठेवतो. गुंतागुंतीचा शेवट सहसा कथेची गरज म्हणून येत नाही. कुणाला तरी सरळ हरायचं नसतं, म्हणून येतो. हा या धंद्यातला जवळजवळ न चुकणारा आडाखा. पडद्यावर रेफ्री बेशुद्ध पडला, तिसरा माणूस आला, सामना पुन्हा सुरू झाला की समजावं, दुपारी कुठल्या तरी खोलीत वाटाघाटी झाल्यात.

होगनच्या बाबतीत या वाटाघाटीला कागदाचा आधार होता. तो डब्ल्यूसीडब्ल्यूत आला १९९४ मध्ये. त्याच्या करारात एक कलम होतं, जे पुढे कोर्टाच्या निकालातही नोंदलं गेलं: तो ज्या सामन्यांत उतरेल त्यांच्या निकालाला त्याची मंजुरी लागेल, मात्र ती त्याने विनाकारण अडवून धरायची नाही. यालाच सगळे क्रिएटिव्ह कंट्रोल म्हणतात. आता 'विनाकारण' म्हणजे काय, हे सोमवारी संध्याकाळी सात वाजता कोण ठरवणार? थेट प्रक्षेपण आठला. वकील बोलावायला वेळ नाही आणि हजारो तिकिटं विकली गेलेली. त्या घड्याळासमोर मंजुरीचा अधिकार आणि नकाराचा अधिकार यांत काही अंतर उरत नाही. होगनने आरडाओरडा करायचीही गरज नव्हती. 'हे माझ्यासाठी जमणार नाही' एवढं म्हटलं की पुरे.

पैशाची व्यवस्थाही त्याच दिशेने ढकलणारी होती. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये जुनी पद्धत अशी, की खेळाडूची कमाई गर्दीवर, कार्डावरच्या जागेवर आणि विकल्या गेलेल्या टी-शर्टांवर. डब्ल्यूसीडब्ल्यूने टेड टर्नरच्या पैशावर वरच्या फळीला मोठ्या रकमेचे हमीचे करार दिले. घर भरो वा न भरो, चेक ठरलेला. डब्ल्यूडब्ल्यूएफमधून आलेल्या स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश यांच्या करारात तर अशी सोय होती, की त्यांच्यापेक्षा जास्त पैशावर कुणी नवा आला तर यांचीही रक्कम वाढेल; नॅश स्वतः हे सांगत आला आहे. अशा घरात नव्या माणसाला वर येऊ देण्याने जुन्याचं काही वाढत नाही, आणि त्याला अडवून ठेवल्याने काही कमीही होत नाही. मग अडवणारे दुष्टच असायला हवेत असं नाही. माणसं कागदाप्रमाणे वागत होती.

आपल्याकडे या खेळाबद्दलची चर्चा बहुतेक 'खरं की खोटं' इथेच अडकते. कोल्हापूरच्या खासबागेत निकाली कुस्त्या बघत वाढलेल्या माणसाला ठरवून केलेली लढत लगेच ओळखू येते, आणि आवडत नाही. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग यांच्या फ्री-स्टाइल कुस्त्या गाजल्या, तेव्हाही हाच वाद होता. नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून नेटवर्क संपून रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं आणि त्यावर नायट्रो दिसायचं, तेव्हाही हाच. निकाल ठरलेला असतो हे एकदा मान्य केलं, की खरी मजेदार भांडणं सुरू होतात. निकाल ठरलेला असेल तर तो ठरवतो कोण? आखाड्यात जी ताकद उघड दिसते ती इथे ड्रेसिंग रूममध्ये चालते, एवढाच फरक.

याच राजकारणाने नायट्रोला त्याचे सर्वोत्तम दिवसही दिले होते, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. नायट्रो सुरू झालं ४ सप्टेंबर १९९५ला, मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकाच्या चौकात. आदल्या दिवसापर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात लढणारा लेक्स लुगर अचानक तिथे चालत आला आणि पहिल्याच भागात संदेश गेला: इथे काहीही होऊ शकतं. २७ मे १९९६ला स्कॉट हॉल प्रेक्षकांतून, साध्या डेनिममध्ये, सामना चालू असताना रिंगमध्ये शिरला. नाव सांगितलं नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफमधल्या पात्राचीच बोली, तोच माज. लोकांना वाटलं, समोरच्या कंपनीने खरोखर हल्ला केलाय. डब्ल्यूडब्ल्यूएफने यावरून कोर्टही गाठलं. दोन आठवड्यांनी नॅश आला आणि दोघांनी सांगितलं, आमचा तिसरा माणूस येतोय.

तो तिसरा कोण, हे ७ जुलै १९९६ला फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या ओशन सेंटरमध्ये कळलं. होगन मदतीला आल्यासारखा आला आणि त्याने आपल्याच मित्रावर, रँडी सॅव्हेजवर, लेग ड्रॉप मारला. बारा-तेरा वर्षं लहान मुलांना जीवनसत्त्वं घ्या, प्रार्थना करा म्हणून सांगणारा माणूस खलनायक झाला. लोकांनी इतका कचरा फेकला, की रिंगमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. होगन ऐनवेळी मागे फिरेल अशी धास्ती बिशॉफला शेवटपर्यंत होती आणि त्यासाठी स्टिंगला पर्याय म्हणून तयार ठेवलं होतं. म्हणजे इथेही निर्णय होगनच्याच हाती होता. पण त्याने हो म्हटलं, आणि जवळजवळ दोन वर्षं, सलग ८३ आठवडे, नायट्रोने डब्ल्यूडब्ल्यूएफच्या सोमवारच्याच कार्यक्रमाला, 'रॉ'ला, रेटिंगमध्ये मागे ठेवलं.

हे चाललं कारण पडद्यामागचं खरं वास्तव, म्हणजे दोन कंपन्यांचं वैर आणि फोडाफोडी, अशा प्रश्नात बदललं गेलं ज्याचं उत्तर रिंगमध्येच मिळू शकत होतं. हे लोक कोणाचे? तिसरा कोण? यांना रोखणार कोण? ज्याला करारबिरार काही ठाऊक नाही, अशा मुलालाही हे प्रश्न समजत होते. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे, आणि पुढे कंपनी नेमकं हेच विसरली.

मग वेळ वाढली. नायट्रो आधी एक तास, मे १९९६पासून दोन तास, २६ जानेवारी १९९८पासून तीन तास. शिवाय ८ जानेवारीपासून गुरुवारी 'थंडर' नावाचा आणखी एक कार्यक्रम. स्टारकेडच्या गोंधळानंतरची फेरलढत २९ डिसेंबरच्या नायट्रोवर ठेवली, ती वेळेत संपलीच नाही आणि प्रक्षेपण मध्येच बंद झालं. तिचा शेवट थंडरच्या पहिल्या भागात दाखवून विजेतेपदाचा पट्टा रिकामा जाहीर केला. स्टिंगला तो पुन्हा जिंकायला फेब्रुवारी उजाडली, आणि तोवर लोकांची हौस फिटली होती.

तीन तास म्हणजे काय, याचा साधा हिशोब करू. तासाला पाऊण तासाच्या आसपास मजकूर धरला, तर आठवड्याला नायट्रोचेच सव्वादोन तास भरायचे. सामन्यांना त्यातला निम्मा वेळही मिळायचा नाही. उरलेलं प्रवेश, भाषणं आणि पडद्यामागचे प्रसंग. वरच्या फळीतले काही जण दर आठवड्याला लढायला तयार नाहीत. म्हणून पहिला तास रे मिस्टीरिओ, एडी गरेरो, डीन मलेंको, ख्रिस जेरिको यांसारख्या चपळ आणि ठेंगण्या खेळाडूंच्या जिवावर निघायचा आणि मुख्य कथेत त्यांना जागा नसायची. त्यात प्रेक्षक मोजणाऱ्या निल्सन कंपनीचे आकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत यायचे. मंगळवारी तो कागद आला की कोणाच्या तुकड्यात किती लोक आले, किती गेले, यावर भांडणं. नऊच्या ठोक्याला रॉ सुरू होतं, म्हणून त्या तुकड्यात मोठं नाव टाकायचं. आकडे आपोआप वाढायचे आणि मोठं नाव म्हणायचं, बघा, माझ्यामुळे. ज्याला साडेआठला पाठवलं त्याच्या आकड्याला कोण विचारतो?

१३ एप्रिल १९९८ला रॉने नायट्रोची ती ८३ आठवड्यांची मालिका तोडली. घाबरलेला माणूस घरातलं सोनं विकायला काढतो, तसं झालं. ६ जुलैला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये, चाळीस हजारांवर लोकांसमोर, तोवर एकही सामना न हरलेल्या गोल्डबर्गने होगनला हरवून पट्टा जिंकला. अफाट रात्र होती ती, आजही बघावी. पण ती फुकटच्या टीव्हीवर दाखवली, जेमतेम काही दिवस आधी जाहीर करून. हाच सामना दोन-तीन महिने तापवून पे-पर-व्ह्यूवर विकला असता तर काय मिळालं असतं, याचा हिशोब चाहते अजून मांडतात. त्या सोमवारी नायट्रो जिंकलं, बस. गोल्डबर्गच्या विजयांचा आकडाही असाच भाबड्या घाईने फुगवला गेला. घरी वही घेऊन मोजणारे लोक होते. आठवड्याभरात कुठेही न दाखवलेले सामने आकड्यात जमा झाले की त्यांना लगेच दिसायचं.

ऑक्टोबरमधलं 'हॅलोविन हॅवॉक' तर चुकांची शाळाच. २५ ऑक्टोबर १९९८, लास व्हेगास. होगन विरुद्ध वॉरियर नावाचा पहिलवान. होगनने वॉरियरच्या डोळ्यांवर आगीचा गोळा फेकायचा होता. यासाठी फ्लॅश पेपर वापरतात: नायट्रोसेल्युलोजचा पातळ कागद, ठिणगी लागताच भपकन जळून राखही न ठेवणारा. तळहातात कागद, बोटांत लपवलेला लायटर. पण हा कागद कोरडाच हवा आणि घामाने भिजलेल्या हातांनी लायटर पेटवणं सोपं नाही. होगन चाचपडत राहिला, ज्वाला भलत्याच वेळी त्याच्याच तोंडासमोर उठली, आणि वॉरियर काहीच न झालेला उभा. असा सामना लांबत गेला. त्यात प्रक्षेपणाची वाढवलेली वेळ अनेक केबलचालकांपर्यंत पोचलीच नव्हती. अकरा वाजले आणि गोल्डबर्ग विरुद्ध डायमंड डॅलस पेज हा मुख्य सामना चालू असताना बऱ्याच घरांतली चित्रं गेली. भरपाई म्हणून तो दुसऱ्या दिवशी नायट्रोवर फुकट दाखवला. त्या सोमवारी नायट्रोने रॉला हरवलं. ती शेवटची वेळ.

त्यानंतर २७ डिसेंबरला नॅशने गोल्डबर्गची अपराजित मालिका मोडली. तीही हॉलने विजेचा झटका देणारं यंत्र लावल्यावर. हा निकाल कोणी लिहिला यात नॅशचं नाव येतं, तो ते नाकारतो. आठच दिवसांनी, ४ जानेवारी १९९९ला, पुन्हा जॉर्जिया डोम, पुन्हा चाळीस हजारांच्या घरातली गर्दी, आणि फेरलढत जाहीर झालेली. गोल्डबर्गचं घरचं शहर. मग कार्यक्रमाच्या मध्यावर त्याला पोलीस खोट्या तक्रारीवरून घेऊन जातात आणि त्याच्या जागी, निवृत्ती जाहीर करून बसलेला होगन नॅशसमोर उभा राहतो. दोघे गोल फिरतात. होगन ठोसा मारल्यासारखं करतो, थांबतो आणि एका बोटाने नॅशच्या छातीला टोचतो. सव्वासहा फुटांहून उंच नॅश गोळी लागल्यासारखा कोसळतो. एक, दोन, तीन. नवा विजेता, आणि होगनच्या व नॅशच्या, फुटलेल्या दोन्ही टोळ्या एक झाल्याचा जल्लोष.

कथेच्या दृष्टीने कल्पना वाईट नव्हती. खलनायकांनी फसवलं, आता गोल्डबर्ग सूड घेईल. चूक अशी, की प्रेक्षकाने पैसे सामन्यासाठी दिले होते आणि सामन्याचीच टिंगल झाली. खलनायकाने नायकाला फसवणं हा या खेळाचा पाया आहे. कंपनीने गिऱ्हाइकाला फसवणं हे वेगळं. मुळात सोय अशी पाहिली होती, की वरच्या फळीतल्या कुणालाच खरा मार खावा लागू नये.

त्याच तासात दुसरी चूक. रॉचा तो भाग सहा दिवस आधी वुस्टर, मॅसॅच्युसेट्स इथे चित्रित झालेला होता, म्हणजे निकाल ठाऊक होता. रॉचे निकाल फोडायची खोड नायट्रोला पहिल्यापासून होती. बिशॉफच्या सांगण्यावरून समालोचक टोनी शियावोनीने जाहीर केलं, की आपल्याकडे पूर्वी कॅक्टस जॅक म्हणून लढलेला मिक फोली तिकडे आज विश्वविजेता होणार आहे, आणि वर कुत्सितपणे म्हटलं, आता तर तिकडे खुर्च्या भरतीलच. लाखो प्रेक्षकांनी चॅनेल बदललं. फोली वर्षानुवर्षं हाडं मोडून घेणारा, सगळ्यांना आपला वाटणारा माणूस. त्याला जिंकताना बघायचं होतं. त्या रात्री रॉ ५.७, नायट्रो ५.०. खुर्च्यांच्या त्या वाक्याचे फलक पुढे कित्येक महिने रॉच्या गर्दीत दिसत राहिले. यावर आणखी काय लिहायचं.

पुढचं पटकन सांगतो, कारण ते बघायलाही कंटाळवाणं आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये बिशॉफला बाजूला केलं, ऑक्टोबरात डब्ल्यूडब्ल्यूएफमधून व्हिन्स रुसो या कथालेखकाला आणलं, जानेवारीत त्याला हटवलं. १६ जानेवारी २०००ला ख्रिस बेन्वाला पट्टा दिला, तरी तो, गरेरो, मलेंको आणि पेरी सॅटर्न असे चौघे लगेच निघून गेले आणि महिनाअखेर रॉवर दिसले. हरलेल्या सिडचा पाय पिनच्या वेळी दोराखाली होता, हे कारण देऊन कंपनीने निकालच पुसून टाकला. एप्रिलमध्ये बिशॉफ आणि रुसो दोघांनाही परत बोलावलं. त्याच महिन्यात डेव्हिड अर्केट नावाचा चित्रपट अभिनेता विश्वविजेता झाला. खुद्द त्यालाच ते पटलं नव्हतं.

९ जुलै २०००ला मात्र थांबायला हवं. तेच डेटोना बीच, तेच ओशन सेंटर, कार्यक्रमाचं नावही तेच, 'बॅश ॲट द बीच'. होगन विरुद्ध तेव्हाचा विजेता जेफ जॅरेट. घंटा वाजताच जॅरेट आपणहून आडवा झाला. होगनने रुसोकडे बघत, अशा प्रकारांमुळेच कंपनीची ही अवस्था झालीय असं माइकवर सुनावलं, जॅरेटच्या छातीवर पाय ठेवला, पट्टा घेतला आणि गेला. थोड्या वेळाने रुसो बाहेर आला आणि होगनच्या क्रिएटिव्ह कंट्रोलबद्दल, पडद्यामागच्या राजकारणाबद्दल त्याने शिवराळ भाषण ठोकलं. मग होगनच्या हातातला पट्टा निरर्थक ठरवून नवा सामना जाहीर केला आणि त्याच रात्री बुकर टी विजेता झाला. होगन निघून जाण्यापर्यंतचा भाग संगनमताचा होता. भाषण त्यात नव्हतं, असं म्हणत होगनने दावा ठोकला. तो जॉर्जियाच्या अपील कोर्टापर्यंत गेला आणि २००५ मध्ये होगन हरला. भाषण कथेचा भाग म्हणून, पात्राबद्दल झालं, त्यातून प्रत्यक्ष माणसाची बदनामी होत नाही, असा एकूण सूर. कुस्ती खरी की खोटी, हा वाद न्यायाधीशांसमोर इतक्या नेमक्या रूपात क्वचितच गेला असेल.

प्रेक्षकाच्या बाजूने ते भाषण बघा. १९९६ मध्ये त्याच रिंगमध्ये वास्तव कथेत शिरलं होतं. इथे कथा सोडून वास्तवाचं वाचन चाललं होतं. होगनच्या करारातलं कलम ठाऊक असलेले काही हजार लोक थरारले असतील. बाकीच्यांना एवढंच कळलं, की लिहिणारा माणूस सांगतोय, बाकी सगळं लिहिलेलं असतं, मी मात्र खरं बोलतोय. मग बुकर टीचा विजय काय? तो तर लिहिलेलाच. बिचारा बुकर टी. वर्षानुवर्षं घाम गाळून मिळालेली रात्र, आणि तिच्यावर दुसऱ्याच्या भांडणाची सावली.

२००० सालात कंपनीचा तोटा सहा कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचं सांगितलं जातं. जानेवारी २००१ मध्ये एओएल आणि डब्ल्यूसीडब्ल्यूची मालक टाइम वॉर्नर एकत्र आल्या. नवे अधिकारी जेमी केल्नर यांनी टीएनटी आणि टीबीएस या तिच्या वाहिन्यांवरून कुस्ती काढून टाकली. वेळेचा स्लॉटच नसेल तर कुस्तीची कंपनी विकत घेऊन करायचं काय? कंपनी विकत घ्यायला निघालेल्या बिशॉफच्या पाठीराख्यांचा सौदा तिथेच फिसकटला. डब्ल्यूडब्ल्यूएफने नाव आणि चित्रफितींचा साठा काही दशलक्ष डॉलरमध्ये उचलला. २६ मार्च २००१ला फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवर शेवटचं नायट्रो झालं.

खरेदीत एक अट होती जिच्याकडे चाहत्यांचं लक्ष उशिरा गेलं. विकत घेणाऱ्याने फक्त दोन डझनांच्या आसपास करार घेतले, बहुतेक तरुण आणि स्वस्त खेळाडूंचे. रिक फ्लेअर, नॅश, गोल्डबर्ग अशा बड्या नावांचे मोठे करार टाइम वॉर्नरच्या गळ्यात राहिले आणि हमीची रक्कम घरबसल्या मिळत राहिली. ती सोडून कमी पैशात कामावर जायचं कारण काय? म्हणून त्या उन्हाळ्यात डब्ल्यूडब्ल्यूएफने दोन कंपन्यांचं महायुद्ध दाखवलं तेव्हा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या बाजूने मोठी म्हणावीत अशी नावं दोनच होती, बुकर टी आणि पेज. पेजने तर उरलेल्या कराराच्या पैशावर पाणी सोडून यायचं ठरवलं. फ्लेअर नोव्हेंबरात आला, तोवर ते युद्ध संपलं होतं. नॅश फेब्रुवारी २००२ मध्ये आला, गोल्डबर्ग मार्च २००३ मध्ये.